अरुंधतीचं दुसरं लग्न, आशुतोषचा मृत्यू आणि देशमुखांचा दिवाणखाना: एका रिमेकचा प्रकरण अभ्यास

स्टार प्रवाहवरच्या 'आई कुठे काय करते' या मालिकेत २०२३ च्या सुरुवातीला अरुंधतीचं आशुतोष केळकरशी लग्न झालं आणि साधारण वर्षभरात, २०२४ च्या सुरुवातीला, आशुतोषला गोष्टीतून मारून टाकलं. प्रकरण म्हटलं तर एवढंच आहे. पण या दोन घटनांवरून प्रेक्षकांमध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कुठल्या मराठी सिरीयलवरून झालेली मला तरी आठवत नाहीत, आणि त्या भांडणात दोन्ही बाजू ज्या मुद्द्यावर अडून बसल्या तो मुद्दाच मला चुकीचा वाटतो. म्हणून हे सगळं एकदा नीट, पहिल्यापासून मांडायचं ठरवलं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरुंधती देशमुख, पंचवीस वर्षांचा संसार, नवरा अनिरुद्ध, मुलं तीन, अभिषेक, यश आणि ईशा. सासू कांचन, सासरे अप्पा, 'समृद्धी' नावाचा बंगला. शिक्षण अर्धवट, गाणं सोडून दिलेलं, दिवसभर सगळ्यांच्या मागे धावायचं आणि घरातल्यांनी विचारायचं की आई कुठे काय करते. नवऱ्याचं ऑफिसमधल्या संजनाशी बरीच वर्षं प्रकरण चालू आहे हे तिला कळतं, मग घटस्फोट, मग अनिरुद्ध-संजनाचं लग्न, मग कॉलेजमधला जुना मित्र आशुतोष तिच्या आयुष्यात येतो. अरुंधती केली मधुराणी प्रभुलकरने, अनिरुद्ध मिलिंद गवळी, आशुतोष ओंकार गोवर्धन, आणि संजना आधी दीपाली पानसरे, मग लॉकडाऊननंतर रुपाली भोसले. २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, आणि त्यातला बराच काळ टीआरपीत पहिल्या नंबरावर.

आता ही गोष्ट मूळची मराठी नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण कुठून कशी आली ते नीट बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मूळ मालिका बंगालीतली, स्टार जलसावरची 'श्रीमयी', जून २०१९ ची. लेखिका लीना गंगोपाध्याय. या बाई पश्चिम बंगालच्या महिला आयोगाच्या अध्यक्षही होत्या, म्हणजे घरात पिचलेल्या बायका त्यांनी फक्त कल्पनेतून लिहिल्यात असं म्हणता येणार नाही. श्रीमयी झाली इंद्राणी हालदार, नवरा अनिंद्य, 'दुसरी बाई' जून गुहा, आणि नंतर येणारा मित्र रोहित सेन. ही बंगालीत इतकी चालली की सहा महिन्यांत मराठीत आली, मग २०२० मध्ये मल्याळममध्ये 'कुडुंबविळक्कु', तेलुगूत 'इंटिंटि गृहलक्ष्मी', तमिळमध्ये 'बाकियलक्ष्मी', आणि १३ जुलै २०२० पासून हिंदीत 'अनुपमा'. हिंदी खरं तर मार्चमध्येच येणार होती, कोविडमुळे लांबली. मराठी आणि हिंदी या दोन्हींचे निर्माते एकच, राजन शाही. म्हणजे मराठी ही हिंदीची कॉपी आहे असं जे सारखं ऐकायला मिळतं ते साफ चुकीचं आहे, मराठी सात महिने आधीची आहे. पण नंतर एक गंमतच झाली. हिंदीतला अनुज, म्हणजे आपल्या आशुतोषच्या जागी असलेला मित्र, ऑगस्ट २०२१ मध्ये आला, मराठीतला आशुतोष त्यानंतर, अनुपमाचं दुसरं लग्न मे २०२२ मध्ये, अरुंधतीचं त्यानंतर. म्हणजे सुरुवात आधी करूनही मोठ्या वळणांना मराठी मागे पडली आणि आपल्याकडचा प्रेक्षक, जो साडेसातला ही आणि रात्री दहाला ती असं दोन्ही बघायचा, त्याला पुढे काय होणार ते आधीच कळलेलं असायचं. लग्नावरचं भांडण लग्नाच्या सहा महिने आधी सुरू झालं त्याचं कारण हे.

मराठी रूपांतराबद्दल आधी चांगलं बोलते, कारण ते मनापासून आवडलेलं आहे. मुग्धा गोडबोलेचे संवाद. अरुंधती ओरडत नाही. हिंदीतली अनुपमा मोठी भाषणं देते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, मागे संगीत चढत जातं, तिचा राग आरतीच्या ताटासारखा सगळ्यांपुढे फिरवला जातो, आणि ज्यांना ते आवडतं त्यांना आवडो. अरुंधती मात्र डबा भरता भरता बोलते, मध्येच थांबते, अर्धं वाक्य गिळते, आणि ते गिळलेलं वाक्य आपल्या घरातल्या कुणीतरी कधीतरी गिळलेलं असतं म्हणून ते लागतं. अनुपमा नाचते आणि अरुंधती गाते, हा बदलसुद्धा मला फार विचाराने केलेला वाटतो. मराठी मध्यमवर्गीय घरांमध्ये लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या आणि नंतर फक्त हरतालिकेला किंवा मंगळागौरीला आवाज लावणाऱ्या बायका किती आहेत ते आपल्याला माहीत आहे, आणि मधुराणी स्वतः गाणारी असल्यामुळे ते खोटं वाटलं नाही. आशुतोषच्या नावावरून घरच्यांनी तिच्यावर संशय घेतला, तिला सगळ्यांसमोर जाब विचारला आणि ती शांतपणे बोलून समृद्धीतून बाहेर पडली तो एपिसोड मी तरी टीव्हीवरच्या चांगल्या कामात धरते. आवाज चढला नाही. तिने कुणाला शाप दिला नाही. एकेकाला तिने एकेक प्रश्न विचारला आणि निघाली.

म्हणजे रूपांतर करणाऱ्यांना जमत नव्हतं असं अजिबात नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त खटकलं.

लग्नाचा विषय आला तेव्हा प्रेक्षक सरळ दोन भागांत फुटले. एका बाजूचं म्हणणं असं की मुलं लग्नाला आलेली असताना, सून घरात आलेली असताना, आईने पुन्हा बोहल्यावर चढायचं हे आपल्यात बसत नाही, मालिकावाले समाजाला काय शिकवतायत, आणि इतकी सोसणारी, सालस बाई शेवटी दुसऱ्या नवऱ्याच्याच आधाराला गेली तर मग अनिरुद्धमध्ये आणि तिच्यात फरक काय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की पुरुष पन्नाशीत ऑफिसमधल्या बाईशी लग्न करतो ते चालतं, बाईने रीतसर घटस्फोटानंतर एका सज्जन माणसाशी केलं की संस्कृती बुडते का. मालिकेने हे दोन्ही आवाज घरातच ठेवले होते, हे त्यांचं कौतुक. अभिषेक आणि ईशाचा विरोध, यशचा पाठिंबा, कांचनचा त्रागा, आणि अप्पा, किशोर महाबोलेंनी केलेले अप्पा, जे सासरे असून सुनेच्या बाजूने उभे राहिले. आमच्या घरी माझ्या सासूबाई पहिल्या बाजूच्या होत्या आणि मी दुसऱ्या, आणि आम्ही दोघी अप्पांच्या सीनला गप्प व्हायचो.

महाराष्ट्रात ही चर्चा काही पहिल्यांदा होत नाहीये. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं तर मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तेव्हाच्या वादात निदान बाईचा पहिला नवरा गेलेला असायचा. अरुंधतीचा नवरा जिवंत, दिवाणखान्यात समोर बसलेला, आणि तिने त्याला नाकारून दुसरा निवडलाय, हे पचायला जास्त अवघड होतं. म्हणून पहिल्या बाजूच्या लोकांचा राग मला समजतो, पटत नसला तरी. त्यांना नुसतं जुनाट म्हणून उडवून लावणं चूक आहे, कारण त्यांच्यातल्या पुष्कळ बायका घटस्फोटाच्या वेळी अरुंधतीच्याच बाजूने रडल्या होत्या.

आता माझा मुद्दा. लग्न करावं की नाही हा प्रश्न मुळात अरुंधतीचा नव्हताच, तो आपण तिच्यावर लादला. तिचा प्रश्न सुरुवातीपासून एकच होता, की ती त्या घरातून, म्हणजे समृद्धीतून, कधी सुटणार. आणि मालिकेने तिला संवादांत सोडवलं पण जागेत कधीच सोडवलं नाही.

हे नीट सांगते. घटस्फोट झाला २०२१ मध्ये, तरी ती राहिली त्याच बंगल्यात, त्याच स्वयंपाकघरात, आणि अनिरुद्धची नवी बायको संजना वरच्या खोलीत. प्रेक्षक तेव्हा म्हणायचे की असं कुठे होतं का, कोर्ट हे चालवून घेईल का. तर गंमत अशी की कायद्याला हे इतकं परकं नाही. संमतीने घटस्फोटाचं कलम, १३ ब, हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलं. त्यात वर्षभर वेगळं राहिल्याची अट आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगून ठेवलंय की वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरात राहणं असं नाही, एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळेच. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रत्यक्षात असंच राहतात, कारण जायला जागा नसते, माहेरी भाऊ-वहिनी असतात, भाडं परवडत नाही. म्हणून घटस्फोटानंतर ती काही महिने तिथेच राहिली यात मला खोटं काही वाटलं नाही. उलट तो काळ जर प्रामाणिकपणे लिहिला असता, म्हणजे ती का जाऊ शकत नाही, पैसे किती आहेत, अनामत रक्कम कोण देणार, भाड्याने घर बघायला गेल्यावर एकट्या बाईला एजंट काय विचारतात, तर ती मालिका आजही लोकांनी उगाळली असती.

खोटं वाटलं ते पुढचं. ती बाहेर पडली, स्वतःचं घर केलं, गाणं सुरू केलं, मग लग्न झालं, केळकरांच्या घरात गेली, सुलेखाताईंसारखी सासू मिळाली, नवरा समजूतदार. आणि तरीसुद्धा गोष्ट दर आठवड्याला देशमुखांच्या दिवाणखान्यात परत. कधी ईशा, कधी अभिषेकचा संसार, कधी कांचनची तब्येत, कधी अनिरुद्धची काहीतरी नवीन कारस्थानं. ईशाचं प्रेम कुणावर बसावं तर केळकरांच्याच घरातल्या अनिशवर. म्हणजे दोन घरांमध्ये असा पूल बांधून ठेवला की अरुंधतीला रोज त्यावरून परत यावंच लागेल. आशुतोष बिचारा लग्नानंतर काय करायचा तर दारात उभा राहून तिची वाट बघायचा, नाहीतर तिच्याबरोबर समृद्धीत जाऊन अनिरुद्धचे टोमणे ऐकून घ्यायचा. नवीन संसारातला एखादा साधा, निवांत दिवस, दोघांनी मिळून केलेला स्वयंपाक, भांडण, पैशांचा हिशोब, चाळिशी ओलांडलेल्या दोन माणसांनी एकमेकांच्या सवयींशी जुळवून घेणं, यातलं किती दिसलं? फारच थोडं. लग्नाचे विधी मात्र दिवसच्या दिवस दाखवले.

याचं कारण रूपांतराच्या यंत्रणेत आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपण ते समजून घ्यायला पाहिजे, कारण मग राग योग्य ठिकाणी जातो. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा एपिसोड. बंगला उभा केलेला आहे, त्यात देशमुख कुटुंबाचे सगळे कलाकार ठरलेले आहेत, त्यांना रोज काम द्यायचंय, दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येणार आहेत आणि आकडा पडला की ट्रॅक बदलणार आहे. मूळ बंगाली गोष्टीचा सांगाडा असा आहे की सगळा संघर्ष एकाच घरात घडतो, एका छताखाली बायको, नवरा, दुसरी बाई, सासू. तो सांगाडा घेतला की त्याच्याबरोबर ते घरही येतं. नायिका घरातून गेली तर सांगाडा कोसळतो. म्हणून लेखक तिला जाऊ देतात, टाळ्या मिळवतात, आणि चार आठवड्यांनी कुणाचं तरी आजारपण काढून परत आणतात. यात लेखकांना दुष्ट ठरवायची गरज नाही. पण रूपांतर म्हणजे फक्त नावं, सण, जेवण आणि भाषा बदलणं नसतं, सांगाड्यात हात घालावा लागतो, आणि मराठीने वरवरचं सगळं इतकं सुंदर करून तिथे मात्र हात आखडता घेतला.

हात घालता येतो याचा पुरावा याच कुटुंबातल्या तमिळ भावंडाने दिलाय. 'बाकियलक्ष्मी'तली बाकिया घरी बसून स्वयंपाक करणारी बाई, हळूहळू तिचा मसाल्याचा आणि केटरिंगचा धंदा उभा राहतो, आणि गोष्टीचा जीव तिथे जातो. ऑर्डर मिळवणं, फसवणूक, कर्ज, इंग्रजीची भीती. नवरा गोपी दुसरं लग्न करतो, पण बाकियाला दुसरा नवरा देऊन फिट्टंफाट केलेलं नाही, तिच्या कामालाच उत्तर केलंय. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राधिका. तिथली 'दुसरी बाई' ही राधिका, घटस्फोटित, एका मुलीची आई, आणि ती बाकियाची मैत्रीण असते, आपण ज्या माणसात गुंततोय तो हिचाच नवरा आहे हे तिला ठाऊकच नसतं. एवढा एक बदल केला आणि सगळी गोष्ट फिरली. प्रेक्षकाचा राग आपोआप गोपीकडे वळतो, जिथे तो जायला हवा. त्या मालिकेतही रटाळपणा भरपूर आहे, ओढाताण आहे, सगळंच आदर्श आहे असं नाही. पण सांगाड्यात हात घातलेला दिसतो.

आपल्याकडे संजनाचं काय झालं बघा. ती नोकरी करणारी, हुशार, स्वतः एका संसारातून बाहेर पडलेली, शेखरची बायको, निखिलची आई. सुरुवातीला तिला थोडं माणूसपण होतं, अनिरुद्धने तिलाही वर्षानुवर्षं टांगून ठेवलेलं होतं, बायकोला सोडतो सोडतो म्हणत दोन्हीकडे आपली सोय बघितली होती. हा केवढा मोठा धागा होता! दोन बायकांना एकाच माणसाने दोन वेगळ्या प्रकारे फसवलंय. काही सीनमध्ये अरुंधती आणि संजना समोरासमोर बसतात आणि ते जवळजवळ बोललं जातं, रुपाली भोसले तेव्हा काय सुंदर काम करते. पण पुढच्याच आठवड्यात प्रोमोला भांडण हवं म्हणून संजना परत कारस्थानी. तिला स्वयंपाक येत नाही हे तिच्या वाईटपणाचं लक्षण म्हणून दाखवायचं, तिचे कपडे, तिचं ऑफिस, तिचं मोठ्याने बोलणं, सगळं अरुंधतीच्या साडीच्या आणि पोळ्यांच्या उलट बाजूला मांडायचं. बंगालीत जून गुहाचं असंच झालं, 'जून आंटी' म्हणून लोकांनी तिची खिल्ली उडवली, हिंदीतली 'दुसरी बाई' काव्या, तिच्या वाट्यालाही सुरुवातीला तेच. अरुंधतीच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या, दुसऱ्या लग्नाला पाठिंबा देणाऱ्या कितीतरी बायका संजनाबद्दल मात्र जे शब्द वापरायच्या ते मला ऐकवायचे नाहीत. मला वाटतं एखादी मालिका बायकांकडे कशी बघते ते नायिकेवरून कळत नाही, नायिकेला सगळे जपतातच. ज्या बाईवर प्रेक्षकाने रागवायचं असं ठरवून दिलंय तिला लेखक किती श्वास घेऊ देतात तिथे ते कळतं.

आणि मग आशुतोषचा मृत्यू. २०२४ उजाडलं, टीआरपी पूर्वीसारखा राहिला नव्हता, नव्या मालिका रांगेत होत्या, आणि अशा वेळी आशुतोष गेला. १८ मार्च २०२४ पासून साडेसातचा स्लॉट नव्या मालिकेला मिळाला आणि 'आई कुठे काय करते' दुपारी अडीचला गेली. मृत्यूच्या ट्रॅकवर प्रेक्षकांचा जो संताप झाला त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. लग्नाला विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे दोन्ही चिडले. माझ्या सासूबाई, ज्यांना ते लग्नच मान्य नव्हतं, त्या म्हणाल्या, अगं पण तिला दिलंय ना आता, मग काढून कशाला घेतात. मला हे त्या अख्ख्या वादातलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं.

निर्मात्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की आयुष्यात असं घडतं, माणसं जातात, आणि अरुंधती कुठल्याच पुरुषाशिवाय उभी राहू शकते हे दाखवायचं असेल तर आशुतोष जाणं भाग होतं. हा युक्तिवाद ऐकायला चांगला आहे, मी त्यावर बराच विचार केला, पण तो टिकत नाही. पुरुषाशिवाय उभी राहणारी अरुंधती आपण आधीच बघितली होती, घर सोडल्यानंतरच्या महिन्यांत, भाड्याच्या घरात, गाण्याच्या क्लासमध्ये. तिला एकटी ठेवायचंच होतं तर तेव्हा ठेवायची, बाकियासारखी, तो तिचा निर्णय झाला असता. लग्न करून दाखवायचं, प्रेक्षकांना सहा महिने त्यावर भांडायला लावायचं, आणि मग नियतीच्या हाताने तो निर्णय पुसून टाकायचा, यात बाईची निवड शिल्लक राहत नाही. राहतो फक्त एक इशारा, जो मालिकेला कदाचित द्यायचाही नसेल, पण दिवाणखान्यात बसलेल्या एखाद्या कांचनला तो बरोबर ऐकू जातो, की बघ, दुसरं लग्न लाभलं नाही. जिवंत नवऱ्याला सोडून मिळवलेलं सुख टिकत नाही. रूपांतरात हेतू काय होता यापेक्षा घडलेल्या गोष्टींचा क्रम प्रेक्षकाच्या मनावर जास्त काम करतो, आणि इथे क्रम असा की घटस्फोट, प्रेम, लग्न, मृत्यू, आणि गोष्ट पुन्हा देशमुखांच्या भोवती.

हिंदीतही फार वेगळं झालं नाही. २०२३ च्या डिसेंबरमधल्या पाच वर्षांच्या लीपमध्ये, म्हणजे गोष्ट एकदम पाच वर्षं पुढे नेली तेव्हा, अनुपमा अमेरिकेत एकटी दिसते, अनुज दुरावलेला, आणि २०२४ च्या दुसऱ्या लीपनंतर तो पडद्यावरूनच गेला. निर्माता एक असला की उपायही एकच सापडतो बहुतेक. नवरा-बायको सुखात आहेत यावर रोज बावीस मिनिटं कशी भरायची हे या प्रकारच्या मालिकांना अजून जमलेलं नाही, आणि सुख लिहिता येत नाही म्हणून ते मारून टाकायचं.

मला विचाराल तर काय करायला हवं होतं, तर दोनपैकी काहीही चाललं असतं. एक म्हणजे घर सोडण्याच्या त्या एपिसोडनंतर समृद्धीचा सेट खरोखर मागे ठेवायचा, देशमुखांना आठवड्यातून एखाद्या दिवशी फोनवर, सणाला, एवढंच आणायचं, आणि अरुंधतीच्या भाड्याच्या घराला, तिच्या क्लासला, तिच्या नव्या माणसांना कॅमेरा द्यायचा. आकडे पडले असते का? पहिले काही आठवडे बहुतेक पडले असते. पण तमिळमध्ये मसाल्याचा धंदा बघायला लोक थांबले, मराठीत गाण्याचा क्लास बघायला थांबले नसते असं मी मानायला तयार नाही, आपल्याकडे गाण्यासाठी जीव टाकणारी माणसं कमी नाहीत. किंवा दुसरं, लग्नापाशी मालिका संपवायची. २०२३ च्या सुरुवातीला सव्वातीन वर्षं झाली होती, मान होता, प्रेक्षक होता. पण पहिल्या नंबरची राहिलेली मालिका कुणी थांबवत नाही. आणि मग अडीचच्या स्लॉटला जाऊन आठ-नऊ महिन्यांनी ती संपली तेव्हा कितीतरी जणांना ती अजून चालू होती हेच माहीत नव्हतं.

काही जण म्हणतात की एवढा काय विचार करायचा, सिरीयल आहे, बघायची आणि सोडून द्यायची. मला हे अजिबात मान्य नाही. पाच वर्षं रोज अर्धा तास आपल्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका एकत्र बसून जे बघत होत्या, ज्यावरून सासू-सुना पहिल्यांदा घटस्फोट आणि पुनर्विवाह हे शब्द मोठ्याने उच्चारत होत्या, त्याचा विचार करायचा नाही तर कशाचा करायचा? माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी, वय पन्नाशीच्या पुढे, ही मालिका बघता बघता पेटीवरची धूळ झटकून पुन्हा रियाज सुरू केला, आणि अशी उदाहरणं तुमच्याही आसपास असतील. एवढी ताकद त्या पात्रात होती.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही भाषेतली गोष्ट मराठीत येईल, आणि ती येणारच, आत्ताही निम्म्या मालिका तशाच आलेल्या आहेत, तेव्हा नायिकेने दुसरं लग्न केलं की नाही यावर भांडण्याआधी दोन गोष्टी बघा. ती ज्या घरातून बाहेर पडली तिथे कॅमेरा अजून किती वेळ असतो, आणि त्या गोष्टीतल्या संजनाला तिची स्वतःची बाजू पूर्ण एक एपिसोड सांगायला मिळते का.